उसनी मिशी

२ मार्च

ति. काकांस, भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कपाटाच्या लाकडातून निघालेला भुंगेरा पोचला. झुरळं मोजायला एवढं शिक्षण कशाला, असं विचारणाऱ्या काकूला सांगा, त्यानं आमच्या संग्रहालयाचा कीटक विभाग डोक्यावर घेतलाय. लांब मिशांचे भुंगेरे आमच्याकडे खणभर आहेत, पण याची डावी मिशी अकरा पेरांची आणि उजवी बारा. उत्साहाच्या भरात मी साहेबांना 'नवी जात' म्हणून बसले. सोमवारी सगळ्यांसमोर दाखवायचाय. खरं ठरलं तर नोकरी कायम, नाहीतर हसं.

लोभ आहेच, वाढवताना हात आखडू नका.

६ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

माझी दुरुस्ती साहेबांनाही ओळखू आली नाही, हे वाचून छाती फुगली. अगं, डबीत भरताना त्याची उजवी मिशी मोडली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसानं एका काट्याचा माल कसा पाठवायचा? त्याच कपाटात दुसरा एक काळपट भुंगेरा मरून पडला होता, त्याची मिशी काढून डिंकानं बसवली. काकू म्हणाली, भिंगरीला कळवा. मी म्हटलं, कळली तर कारागिरी कसली.

सोमवारी आमचंही नाव घे.

९ मार्च

ति. काकांस सा. न. वि. वि.

पत्र आज दुपारी मिळालं. मिशी सकाळीच गळून पडली, साहेबांच्या तळहातावर, सगळ्यांदेखत. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तुमचा भुंगेरा अगदी साधा निघाला. साहेब मात्र भिंगाखाली ती मिशीच बघत बसले. ती कोणत्या जातीची, हे त्यांनाही सांगता येईना. रागवायचं राहिलंय, ते नंतर. आधी सांगा, बाकीचा भुंगेरा कुठे आहे? काकूनं केरात टाकला असेल तर मी गेलेच.

तुमची, तूर्तास तरी, भिंगरी.

१२ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

सुटे भाग फेकणारा घड्याळजी मी नव्हे. तो जुन्या काट्यांच्या डबीत सुखरूप होता, सोबत पाठवलाय. बिचाऱ्याला एकच मिशी. तुझ्या पहिल्या भुंगेऱ्याची मोडकी मिशी समोरच होती आणि माझे हात शिवशिवत होते, म्हणून काकूनं डिंक कुलपात ठेवला आणि डबी स्वतः बंद केली. कपाट तिचं खाल्लंय, तेव्हा नाव तिचंच द्यायचं म्हणते.

रागावलीस तरी लिहीत जा.

२ एप्रिल

ति. काकूस सा. न. वि. वि.

मिशी जुळली. जात खरंच नवी आहे, नोकरी कायम झाली आणि भुंगेऱ्याला तुझं नाव लागतंय. मी खुर्चीत बसून रडले, हे काकांना सांगू नकोस. त्यांना एवढंच सांग, की साहेब स्वतःचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला पाठवताहेत. त्यात दुसऱ्या कुणाचं काही बसवायचं नाही, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय.

कुलपाची किल्ली जपून ठेव.

तुझी भिंगरी