उत्रोलीतला घरगुती राउटर

१४ सप्टेंबर २०२५, रविवार
निर्णय झाला. राउटर घरीच बनवायचा. भोरला झेरॉक्सचं दुकान होतं तेव्हाचा कॉम्प्युटर माळ्यावर पडून आहे. व्हिडिओत बघितलं, कुठल्याही साध्या कॉम्प्युटरचा राउटर होतो. केबलवाला सोमनाथ त्याची राउटरची वीतभर डबी फुकट लावून देतो म्हणाला. मी नको म्हणालो. डबीत आत काय चाललंय ते आपल्याला कळत नाही.

कारण गंभीर आहे. सोनियाला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. एक ऑक्टोबरला दिवसभर चाचणी. घरचं नेट एका वेळी पाच मिनिटांहून जास्त बंद पडलं नाही, तर इथं बसून काम. पडलं, तर पुण्याच्या ऑफिसात. एकुलती एक लेक आहे. ती पुण्याला जाणार नाही. विषय संपला.

१५ सप्टेंबर
पितृपक्ष चालू आहे. नवीन काम सुरू करू नये. सुलक्षणा म्हणाली, एरवी तर तुमी असलं काही पाळत न्हाई. बायकोला शास्त्र सांगून उपयोग नसतो.

१९ सप्टेंबर
अजून पितृपक्ष. अभ्यास जोरात. कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्ड लागतात. एकातून नेट आत येतं, दुसऱ्यातून घरात जातं. विहीर आणि पाट, एवढंच. माझ्याकडे एक कार्ड आहे. म्हणजे निम्मं काम झालं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
कॉम्प्युटर खाली काढला. नारळ फोडला. आत उंदराचं घर निघालं, भाताच्या तुसासकट. साफ केलं. चालू झाला! जुनं ते सोनं.

२४ सप्टेंबर
दुसरं कार्ड आलं, बसवलं. फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यानं इंग्रजीत विचारलं, आधीचं सगळं पुसू का. हो म्हणालो. स्वच्छता बरी.

संध्याकाळी लक्षात आलं, त्यात सोनियाच्या बारशापासूनचे फोटो होते. कुणाला सांगितलं नाही. वाईट वाटलं. जेवणानंतर थोडं बरं वाटलं.

२६ सप्टेंबर
सकाळी वायरी जोडल्या. दुपारी सगळ्या आळीचं नेट बंद. सोमनाथ धावत आला. म्हणाला, काका, तुमच्या घरातून कायतरी उलटं येतंय लायनीत. मी म्हणालो, तुझ्याच लायनीत दोष असंल, बघ खांबावर चढून. तो चढला. तेवढ्यात मी दोन्ही वायरींची अदलाबदल केली. नेट आलं. खाली उतरल्यावर त्याला म्हणालो, सापडला ना दोष.

२८ सप्टेंबर, रविवार
दोन दिवस अखंड नेट. आता फक्त एक बारीक गोष्ट. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर काळ्या स्क्रीनवर थांबतो आणि म्हणतो, एफ-वन दाबा. दाबलं की पुढं जातो. आतला बटणासारखा सेल संपलाय. भोरच्या घड्याळवाल्याकडे मिळतो. तोवर बटणाची जबाबदारी सुलक्षणाकडे. आज चार वेळा पिठाच्या हातानं दाबलं तिनं. म्हणाली, म्हशीसाठी पण एवढ्यांदा उठले न्हाई कधी.

३० सप्टेंबर
सेल आणायला जाणार होतो. पण नवरात्राचे उपास, त्यात ऊन. शिवाय दिवसभर लाईट गेली नाही. उद्या कशाला जाईल? सोनिया गप्प गप्प आहे. टेन्शन असणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी ७
हत्यारांची पूजा मांडली. कोयता, विळे, पहार, फवारणीचा पंप आणि मधोमध कॉम्प्युटर. चालूच ठेवला. झेंडूचा हार घातला, कीबोर्डला हळद-कुंकू लावलं. सगळ्यांना बजावलं, आज हत्याराला विश्रांती, उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. सुलक्षणानं विचारलं, अन् पोरीची चाचणी? तिला समजावलं, यंत्र चालणं वेगळं आणि यंत्राला हात लावणं वेगळं.

दुपारी ३:१५
पावणेतीनला लाईट गेली. मिनिटभरात आलीसुद्धा. एफ-वन दाबा. मी ओरडलो, सुलक्षणा, बटण! ती हात बांधून दारात उभी. म्हणाली, मी न्हाई हात लावणार, सकाळी तुमीच सांगितलं. मी हात पुढे केला, मागे घेतला. आमच्या आजोबांनी खंडेनवमीला कोयता उचलला होता, त्याच आठवड्यात करंगळी गेली. शेवटी अंघोळ केली, नारळ बाजूला ठेवला, माफी मागितली आणि दाबलं.

अकरा मिनिटं गेली. पाच चालली असती.

सोनियानं लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

५ ऑक्टोबर, रविवार
सोनियाला भोर स्टँडवर सोडलं. स्वारगेटची एसटी वेळेवर आली, नेमकी आजच. पाया पडली. म्हणाली, पप्पा, आता ते मशीन बंद करा, लाईट लई खातं. घर खायला उठलंय. यंत्रात दोष नव्हता, हे मात्र लिहून ठेवतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सोमनाथ आला, डबी लावली, चहा पिऊन गेला. सगळं मिळून दहा मिनिटं. लगेच सोनियाला व्हिडिओ कॉल लावला. इतकी स्पष्ट दिसली की कपाळावरची टिकलीसुद्धा दिसली. नेट कुणी केलं विचारलं, तर मीच बसवलं म्हणालो. मागे खोली दिसत होती, खिडकी, कॉट, नीट लावलेलं कपाट. फोन ठेवल्यावर म्हणालो, एवढ्या घाईत खोली बरी मिळाली पोरीला.

सुलक्षणा मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, घाई कसली, सोळा सप्टेंबरलाच धरून ठेवली होती की तिनं.

सोळा सप्टेंबर. तेव्हा मी कॉम्प्युटर माळ्यावरून खालीसुद्धा काढला नव्हता.

फार लागलं जिवाला. जेवलो नाही.