बुडबुडा मध्यावर नव्हता

६ मे, जहाजावर, दुपारचे तीन

प्रिय ताई,

नमस्कार. तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटसुलट करशील, मग चष्मा शोधशील, आणि तो डोक्यावरच असेल. गुडघा कसा आहे? घरातल्या पाळणाघरात आता किती पोरं? मी बरी आहे. इथला आचारी सगळ्यात मीठ जास्त घालतो आणि वर विचारतो, "कमी नाही ना पडलं?" एवढं सोडलं तर तक्रार नाही.

गेले नऊ दिवस समुद्र इतका शांत आहे की आपण पाण्यावर आहोत हेच विसरायला होतं. माझ्या खोलीच्या छतावर लाटांचा उजेड हलत राहतो. लहानपणी तापात पडलेलं असताना खोली लांब लांब जायची आणि आईचा आवाज कुठूनतरी यायचा, आठवतं? दुपारी डोळे मिटले की अगदी तसं होतं. मग आठवतं की माझ्या पाठीखाली बाराशे मीटर पाणी आहे आणि त्याच्याही खाली ती भेग.

भेगेचं तुला एकदा सांगितलं होतं, पण तेव्हा तू भाजी निवडत होतीस, म्हणून पुन्हा. आपल्या किनाऱ्यापासून अठरा किलोमीटरवर समुद्राच्या तळाचे दोन तुकडे झाले आहेत. ते वरखाली होत नाहीत. अरुंद बोळात दोन माणसं समोरासमोर आली की अंग चोरून एकमेकांना घासत जातात, तसे आडवे जातात. रोज थोडे थोडे सरकले तर बरं. अडकून बसले तर जोर साठत राहतो आणि एका दिवशी सगळा एकदम सुटतो. सरकते आहे की अडकली आहे, एवढ्या एका प्रश्नावर माझी अर्धी नोकरी गेली.

ते कळावं म्हणून आम्ही भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक तिवई उतरवली होती. तीन मीटर उंच, वर आवाज देणारं यंत्र. एक हाक मारते, दुसरी ओ देते. ओ यायला किती वेळ लागला त्यावरून दोघींमधलं अंतर कळतं. आमच्याकडे यंत्रांना नावं द्यायची पद्धत आहे. मी पलीकडच्या खडकावरचीला 'ताई' म्हटलं आणि अलीकडच्या गाळातलीला 'छोटी'. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तू म्हणाली असतीस, मला समुद्रात बुडवलंस होय!

काल सकाळी कॅमेरा खाली सोडला. चाळीस मिनिटं पडद्यावर नुसता अंधार आणि त्यातून वर जाणारे पांढरे कण. आणि मग ताई दिसली. जशी ठेवली तशी, ताठ, अंगावर दोन-तीन चांदण्यांसारखे जीव बसलेले. मला भरून आलं, खरंच सांगते.

मग छोटीकडे गेलो. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला बुडबुड्याची पट्टी धरतात ना, तशीच एक प्रत्येक तिवईवर असते. छोटीचा बुडबुडा मध्यावर नव्हता. तिचा एक पाय गाळात रुतलाय. कललीय जेमतेम एक अंश, पण तीन मीटर उंचीवर एक अंश म्हणजे पाच सेंटिमीटर.

ताई, पाच वर्षांत भेग जेवढी सरकली असं मी सांगत होते, ते बरोबर पाच सेंटिमीटर होते. भेग सरकलीच नव्हती. माझी तिवई वाकत होती.

आता जे लिहायला तीन वर्षं टाळलं ते लिहिते. बाबा गेल्यावर तू म्हणालीस, "घर विकू या गं, वरच्या रस्त्याला जाऊ. मला या पाण्याची भीती वाटते." मी म्हटलं, "पाच वर्षं मोजलंय मी. भेग हळूहळू सरकतेय, जोर साठतच नाही. तुला फक्त बाबांचं सगळं विकून मोकळं व्हायचंय." ज्या बाईने बाबांना सहा वर्षं घास भरवले, तिला मी हे म्हटलं. घर राहिलं आणि आपलं बोलणं गेलं.

आणि तेव्हा मला शंका होती. छोटीचा कल मोजणारा भाग पहिल्याच वर्षी बंद पडला होता. आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले होते, "बाई, कल बघितल्याशिवाय अंतर कुणाला सांगू नका." मी हसून म्हटलं, "तळाशी कुठला वारा आहे, काका?" सगळे हसले. कॅमेरा तेव्हाही सोडता आला असता. मी सोडला नाही, कारण आकडा मला हवा तसा आला होता. मला ते घर हवं होतं, वर्षातून चार दिवस यायला. त्या चार दिवसांसाठी मी तुला वर्षभर तिथे बसवलं. मला माझी लाज वाटते.

भेग अडकलेली आहे. गाळाच्या थरांवरून शेवटचा मोठा हादरा दोनशे वर्षांपूर्वीचा वाटतो. सुटली तर एका दमात आपल्या स्वयंपाकघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जितकं अंतर, तितकी सरकेल, आणि खाडीतला पाण्याखालचा उतार ढासळला तर पाणी पाच मिनिटांत दारात येईल. कधी, ते मला सांगता येत नाही. उद्या, किंवा आपण दोघी नसताना. बाबांच्या आजारपणात औषधं आणायला तू वरच्या रस्त्याला जायचीस, तेव्हा एकदा तुझ्या मागून चालताना मी घड्याळ बघितलं होतं. तुझ्या गुडघ्याने अकरा मिनिटं लागतात. आणि तेव्हा तुझ्या कडेवर पोरं नव्हती.

आज सकाळी कार्यालयाला कळवलं की माझा अहवाल चुकीचा होता आणि चूक माझी होती. गावच्या सभेतही मीच उभी राहून सांगणार आहे. फोन केला नाही, कारण तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी पुन्हा वाद घालेन. उद्या रसद घेऊन बोट येईल, तिच्याबरोबर हे जाईल.

पोरं आधी हलव, याच आठवड्यात. घराचं नंतर बघू. बाबांची खुर्ची राहिली तरी चालेल.

एकोणीस तारखेला जहाज लागेल. मी तडक घरी येईन. माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव. मला एवढंच हवंय की मी येईन तेव्हा दाराला कुलूप दिसावं. मग वरच्या रस्त्यावर दारोदार विचारत तुला शोधीन.

या वेळी बघून सांगणारी,
तुझी छोटी