अकरा वाजून दहा मिनिटं

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
डिस्टर्बन्स शीट! आजपासून आठवडाभर भरायचं – कोण आलं, किती मिनिटं घेतली, गरज होती का. धर्मेंद्रसर ट्रेनिंगवरून आले की आमच्या डिझाइन खात्याला काहीतरी नवीन भोगावं लागतं. लग्नसराईच्या बेचाळीस साड्यांची डिझाइनं महिनाअखेरपर्यंत छपाईला जायची आहेत आणि आम्ही पत्रकं भरतोय.

पण भरलं. चहावाला – ३ मिनिटं. शेजारच्या टेबलावरच्या योगिताला मोराचं डिझाइन सापडत नव्हतं – ११. अकरा-दहाला वडिलांचा फोन – ९. गरज होती का? नाही.

मी खरं तेच लिहिलं. नाना म्हणतात तरी काय? "काय खास नही. तुनं काम चालू व्हई ना?" – हो नाना, चालू आहे! रोज हेच.

११ नोव्हेंबर
घोटाळा. आठ तागे जांभळ्या मोराचे छापून झाले आणि काठ जुनाच. मी चुकीची फाइल पाठवली. कधी? अकरा-वीसला. एका कानाला फोन, नाना सांगताहेत की त्यांच्या शेजारच्या प्रमिलाबाईंच्या मांजरीला पिल्लं झाली.

सर सगळ्यांसमोर बोलले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी नानांना सांगून टाकलं – कामाच्या वेळात फोन नको, सहानंतर करा. जरा जोरातच बोलले. तिकडून फक्त "बरं."

१२ नोव्हेंबर
अकरा-दहाला फोन नाही. सलग दोन तास काम. सात डिझाइनं हातावेगळी!

सहाच्या ठोक्याला फोन. "पाळी सुटनी का?" आता ऑफिसला कसली पाळी! पण चाळीस वर्षं लूमवर काढली, नानांच्या डोक्यातलं घड्याळ पाळीचंच.

१३ नोव्हेंबर
आज फाइली लावल्या. मोराच्या एकाच फोल्डरात 'फायनल', 'फायनल २', 'शेठने पास केलेलं फायनल' आणि 'हेच खरं फायनल'. म्हणजे परवा फोन नसता तरी मी गोत्यात आलेच असते. नाचता येईना अंगण वाकडं! हे फक्त इथे लिहितेय, सरांना सांगणार नाही.

जुनी नावं पुसता पुसता लहानपणची नवागामची लूमची शेड आठवली. शाळा साडेदहाला सुटायची. आई डबा हातात द्यायची आणि मी पळत शेडवर. आत नुसता खडखडाट, ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. नाना मला दारात बघायचे आणि एकेक करून आपले चारही लूम बंद करायचे. बाकीच्यांचे चालूच. पण नानांच्या कोपऱ्यात तेवढं ऐकू यायचं. हाताला ऑइल, म्हणून भाकरीचे घास मी मोडून द्यायची आणि ते विचारायचे, आज काय शिकवलं? मी सांगायची. सगळं, अगदी कोणाची पाटी फुटली तेसुद्धा. काय सुख होतं ते!

एकदा शेठ येऊन ओरडला होता, "आ दस मिनिटनुं कापड कोण वणशे?" – या दहा मिनिटांचं कापड कोण विणणार? मला वाटलं, आता नानांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी भीत भीत गेले, तर नानांनी पुन्हा लूम बंद केले. शेठ समोरून गेला, बोलला नाही. का, ते मला कधी कळलं नाही.

घरी मात्र आईच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. पाळी सातला सुटते, मग हा माणूस रोज उशिरा कसा येतो? नाक्यावर चहा ढोसत बसतो, दुसरं काय! नाना गप्प हातपाय धुवायचे.

१५ नोव्हेंबर
बेचाळीसपैकी एकतीस झाल्या. सर खूश. माझं शीट सगळ्यांना दाखवलं – जयश्रीबेनकडून शिका! फार बरं वाटलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
नवागामला गेले. नाना वाळलेत. गळ्याची हाडं दिसतात.

जिन्यात प्रमिलाबाईंनी अडवलं. आई गेल्यापासून नानांचा डबा त्याच देतात. "डबा अकराले देस मी. आते सहा वाजालोंग तसाच झाकेल ऱ्हास. इचारं तर म्हनतस, पोरीना फोन व्हवू दे, मंग जेवसू."

मी पायरीवरच बसले. अकरा-दहा. शेडवर मी डबा न्यायची तीच वेळ, इतकी वर्षं रोज, आणि मला एकदाही सुचलं नाही! मी शीटवर लिहिलं, गरज नाही.

नानांना काही बोलले नाही. बोलले असते तर रडलेच असते.

१७ नोव्हेंबर
अकरा-दहाला मीच फोन केला. नाना घाबरले. "पाळी सुटनी का?"

नाही नाना, बंद केलंय सगळं. दहा मिनिटं. डबा उघडा.

झाकणाचा आवाज आला. मग घास तोंडात धरूनच म्हणाले, "मंग सांजले दहा मिनिटं जास्ती थांबी जाय. मी बी शेडवर रोज थांबत व्हतू."

आई शेवटपर्यंत नाक्यावरच्या त्या चहावरून भांडली. नाना एकदाही बोलले नाहीत.