वाढीव वॉरंटीचा कौल

सोमवार, २ डिसेंबर २०२४

पुन्हा फोन! शोरूममधली रुपाली. "काका, व्हॅनची वॉरंटी शनिवारी संपते. दोन वर्षं वाढवून घ्या. नंतर नाही मिळणार हं." मुलगी गोड बोलते. अट मात्र कडक — दोन वर्षं सगळी कामं त्यांच्याच गॅरेजात. बाहेरचा हात लागला की कागद रद्द.

बाहेरचा हात म्हणजे काळाचौकीचे कुशाबा मेकॅनिक. आधीच्या गाडीपासून चौदा वर्षं तेच बघतात. या व्हॅनचे ब्रेक-क्लचही त्यांच्याकडेच. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, आता हात लावू नका?

मंगळवार, ३ डिसेंबर

नलू भाकरी थापता थापता म्हणाली, "शाळेची गाडी आहे. चार दिवस बंद पडली तर आईबाप दुसरी व्हॅन लावतील. कुशाबांना वाईट वाटेल म्हणून आपण घरी बसायचं?"

बरोबर आहे तिचं. तरी मन घेत नाही. फार थकलोय या विचाराने.

बुधवार, ४ डिसेंबर

मुलांना शाळेत सोडून गावी फोन लावला. सीताराम गुरवाला म्हटलं, देवाला कौल लाव. तो ओरडलाच, "गाडीचो कागद घेवचो की नको, इतक्याच ना? मगे सरळ बोल मरे!"

तासाभराने त्याचा फोन. देवाला लावलेली पाकळी डावीकडे पडली. डावा म्हणजे नको.

नलूला सांगितलं. "देव काय गॅरेजात कामाला आहे?" देवाने माझ्याच मनातलं सांगितलं — म्हणूनच धीर होत नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. उपास. हात जोडले तरी डोक्यात गाडीच.

शुक्रवार, ६ डिसेंबर

कुशाबांकडे विषय निघालाच. "घे की रे कागद! माझं काय एवढं?" दोनदा म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही. लागलं त्यांना. लागलं की माणूस असंच बोलतो.

शनिवार, ७ डिसेंबर

रुपालीला नाही म्हणून कळवलं. "ठीक आहे काका, तुमची मर्जी." नलू दिवसभर बोलली नाही. मला मात्र आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी कुशाबांकडे जाऊन सांगितलं — कागद घेतला नाही, गाडी तुमच्या भरवशावर! त्यांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "रघुवीर, वर्ष झालं, मला नीट दिसत नाही रे. गेल्या महिन्यात तुझे ब्रेक चाचपून बसवले. तुला येऊ नकोस म्हणवेना. वाटलं, तू कागद घेशील आणि मी सुटेन."

अकराही मुलांच्या घरी फोन केले. उद्या गाडी येणार नाही.