मॅलिशिअस म्हणजे काय

४ मार्च
आईला नोटीस! हॉटेलच्या धुलाईखान्यात इतकी वर्षं काढली, कधी खाडा नाही, आणि आता हे. वेटरांचे निळे गणवेश तिच्या हातून ब्लीचमध्ये गेले, अख्खी खेप पांढरीफटक. नोटिशीत इंग्रजीत लिहिलंय, आईचं कृत्य ‘मॅलिशिअस’. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, त्यामुळे अर्थही मीच सांगायचा. सांगितला — दुष्ट हेतूनं केलेलं.

बाबा म्हणाले, “हिनं? हिला धड भांडता तरी येतं का!” आई भांडी घासत राहिली.

५ मार्च
शब्दकोश घेऊन बसले. नुसतं नुकसान झालं म्हणून हा शब्द लावता येत नाही. समोरच्याचं वाईट व्हावं ही इच्छा मनात हवी, आणि त्या इच्छेनं मुद्दाम केलेलं हवं. द्वेषानं उठवलेल्या अफवेला लावतात, खोट्या तक्रारीला लावतात. चुकीला नाही, धांदलीला नाही. आणि हे लोक तो आईला लावतात!

शब्द टिकला तर नोकरी गेली. नुसता हलगर्जीपणा ठरला तर ताकीद. मी तो टिकू देणार नाही.

७ मार्च
आईकडून कामाची पद्धत समजून घेतली. ज्या मशीनमध्ये ब्लीच ओतलंय, त्याच्या दाराला लाल चिंधी बांधायची. ते काम सुपरवायझरबाईंचं. चिंधी दिसली की तिथे रंगीत कपडे टाकायचे नाहीत. कपडे खराब झालेले कळले तेव्हा कामावरच्या सगळ्या बायका धावत आल्या — दाराला चिंधी नव्हती. सगळ्या तेच सांगतात. मग आईचा दोष कुठला?

सुपरवायझरबाईंचं नाव काढलं की आई विषय बदलते. याच बाईंनी मावशीला हाकललं होतं. मावशी तिथेच इस्त्रीला होती. सुजलेला पाय घेऊन घटकाभर स्टुलावर टेकली, एवढाच गुन्हा. सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलल्या. आईनं तेव्हाही ब्र काढला नाही. इतकी सोशिक!

९ मार्च
उद्या चौकशी. मला बोलायची परवानगी मिळाली. आरशासमोर वाक्यं पाठ करतेय. धाकटी चिडवते — वकीलबाई, आमचीही एक केस घ्या.

१० मार्च
जिंकलो! चौकशी घेणाऱ्या साहेबांना म्हटलं, हा शब्द लावायचा तर आईला कुणाचं वाईट व्हायला हवं होतं ते दाखवा. गणवेशांशी तिचं काय वैर? साहेबांना हसू आलं. शब्द जपून वापरायला हवेत, असंही मी बोलून गेले. आवाज जरा चढलाच.

सुपरवायझरबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, चिंधी बांधली होती, माझ्या हातानं बांधली होती. शेवटी रडल्या. कुणाला पटलं नाही. शब्द खोडला. आईला ताकीदसुद्धा नाही!

१३ मार्च
सुपरवायझरबाईंना काढलं. हलगर्जीपणा केला, वर चौकशीत खोटं बोलल्या म्हणून. मला वाईट वाटलं, घरी तसं म्हणालेही. आई उठून कपडे वाळत घालायला गेली.

१४ मार्च
भाजी निवडता निवडता आईनं त्या शब्दाचा अर्थ पुन्हा विचारला. सांगितला.

“मग बरोबरच लिहिलं होतं गं त्यांनी,” म्हणाली. “चिंधी होती. मी सोडली.”