आईच्या डब्यातलं गोचिडीचं कार्ड

ब्रॅटलबरो, व्हर्मॉंट
१० एप्रिल २०२३

प्रिय बर्टी,

स. न. वि. वि.

तुझं ईस्टरचं पार्सल पोचलं. काकवीची बिस्किटं अकरा निघाली. बाराव्याचं काय झालं ते तुझ्या नवऱ्याला विचार. ड्वाइटला म्हणावं, खोक्यात चुरा सापडला आहे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण पाच मिनिटं बोलले की दिवसभर डोकं उठतं, आणि स्क्रीनकडे तर बघवतच नाही. कागद बरा. चार ओळी लिहायच्या, पडायचं, पुन्हा चार ओळी. हे पत्र तीन दिवस चाललंय.

बातमी अशी. बॉस्टनला एक नवं संशोधन सुरू झालंय, माझ्यासारख्यांसाठी. म्हणजे गोचीड चावून लाइमचा आजार झाला, औषधं घेतली, तरी वर्षानुवर्षं अंग ठणकतंय, नावं आठवत नाहीत, जिना चढवत नाही, अशांसाठी. आत्ताची रक्ततपासणी एवढंच सांगते की या जंतूची शरीराशी कधीतरी गाठ पडली होती. जंतू अजून आत आहे, की तो गेला आणि शरीर उगाच लढत बसलंय, ते तिला कळत नाही. हे लोक त्याचाच माग काढणार आहेत, आणि सोबत एक औषधही देऊन बघणार आहेत. निम्म्यांना खरं, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. मला कुठलीही चालेल गं. तिथल्या डॉ. लिंडक्विस्टबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. आठ वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. फोन ठेवल्यावर मी रडले.

अट एकच. गोचीड कधी चावली आणि लाल वर्तुळ कधी उठलं, याचा त्याच वेळचा लेखी पुरावा हवा. ३१ मेच्या आत.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. आईचा फ्रीजरमधला डबा! घरात कोणालाही गोचीड चावली की आई ती चिमट्याने काढून, पाककृतीच्या कार्डावर चिकटपट्टीखाली दाबून, नाव, जागा, तारीख घालून ठेवायची. तुमच्या गावात घरोघरी हेच, पण आईसारखं टापटिपीचं कोणाचं नव्हतं. कुत्र्याचीसुद्धा वेगळी कार्डं होती. २०१५च्या जूनचं माझं कार्ड त्यातच असणार. डावा गुडघा, मागची बाजू. मला स्वतःला ते वर्तुळ कधी दिसलं नाही, आईने सांगितलं तेवढंच.

तेवढं शोधून पाठव. सव्वीस वर्षं मी लोकांचे पियानो सुरात आणले. तारा पिळायची माझी किल्ली गेली पाच वर्षं खुंटीला टांगलेली आहे. ती पुन्हा हातात धरायचीय मला, बाकी काही नको.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लेनी


वॉल्डोबरो, मेन
१९ एप्रिल २०२३

प्रिय लेनी,

अ. उ. आ.

बिस्किटाचा आरोप ड्वाइटला मान्य नाही. टपालवाल्याने खाल्लं म्हणतो. तोंड पुसून म्हणाला, एवढंच.

इकडे बर्फ वितळून अंगणात नुसता चिखल झालाय. गावच्या ऑफिसात माझ्यापुढे क्लॅम शिंपले खणायच्या परवान्यांची रांग लागलीय. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात परवाना हवा असतो, आणि सगळ्यांची कागदपत्रं घरी विसरलेली असतात.

डब्याचं म्हणशील तर तो गेला गं. आई गेली त्या हिवाळ्यात वादळाने चार दिवस वीज नव्हती, फ्रीजरमधलं सगळं सडलं, तेव्हा मी सरसकट फेकून दिलं. मेलेल्या गोचिडी कोण जपून ठेवतं? मला काय ठाऊक, त्यांना पुढे भाव येणार आहे.

आणि लेनी, मोठी बहीण म्हणून सांगते, फार आशा लावून बसू नकोस. आधी ते आहारवाले झाले, मग ते सुयावाले. दर वेळी तू उभारी धरतेस आणि मग महिनाभर अंथरुणातून उठत नाहीस. ते मला बघवत नाही.

जेवत जा वेळेवर. लोभ ठेव.

तुझी,
बर्टी


ब्रॅटलबरो
१ मे २०२३

प्रिय बर्टी,

स. न. वि. वि.

डबा गेला म्हणून दोन दिवस तोंड फिरवून पडून राहिले. मग उठले. तुझ्यावर राग नाही, सडलेल्या मटारांबरोबर कोणीही फेकलं असतं.

लिंडक्विस्टबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या वेळी ज्याने स्वतः पाहिलं त्याने सही करून लिहून दिलं तर त्या ते समितीपुढे ठेवतील. तेव्हा आठव बघ. त्या जूनमध्ये मी तुमच्याकडे दोन आठवडे होते, चर्चचा आणि शाळेचा पियानो लावायला. ९ तारखेला गोचीड काढली. पुढे आठवड्याभराने मला ताप भरला आणि मी सोफ्यावर पालथी पडले होते. आई म्हणाली, गुडघ्यामागे लाल वर्तुळ उठलंय. तू तेव्हा खोलीत होतीस ना? कोणीतरी शिवणाच्या टेपने मोजल्याचं मला पुसट आठवतंय, टेप गार लागली होती. ती तूच असशील. तेवढं दोन ओळींत लिहून दे. गावच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईची सही म्हटल्यावर बॉस्टनवाले काय बिशाद आहे नाही म्हणतील!

शिवाय तेव्हाचे माझे डॉक्टर हॅस्केल, त्यांच्या दवाखान्यातून माझे जुने कागद मागवलेत. २२ जूनला त्यांनी माझं रक्त तपासलं आणि लाइम नाही म्हणून घरी पाठवलं. इतक्या लवकर तपासलं तर बरेचदा काही दिसतच नाही, हे आता मला कळतंय. वर्तुळ उठून गेलं होतं हे त्यांनी मानलं असतं, तर तपासणीची वाटही न बघता औषध दिलं असतं. मिळालं ते दोन वर्षांनी. त्यांनी का मानलं नाही, ते निदान कागदात तरी सापडेल.

वाट बघते. माया असू दे.

लेनी


वॉल्डोबरो
८ मे २०२३

प्रिय लेनी,

अ. उ. आ.

मी खूप आठवून पाहिलं. वर्तुळबिर्तुळ मला काही आठवत नाही. आई तेव्हाच विसरायला लागली होती, ती काय म्हणाली त्याचा भरवसा नाही. आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सही कशी करू? माझं कामच सह्यांचं आहे. उद्या कोणी विचारलं तर माझी नोकरी जाईल.

ते जुने कागद कशाला उकरतेस? झालं ते झालं. हॅस्केल आता निवृत्त झालेत, म्हातारे आहेत. त्यातून मनस्तापाशिवाय काही हाती यायचं नाही.

ब्लूबेरीच्या जॅमच्या दोन बाटल्या पाठवते आहे. ड्वाइटने स्वतः खोकं बांधलंय, म्हणजे या वेळी दोन्ही पोचतील.

लोभ ठेव. रागावू नकोस.

बर्टी


ब्रॅटलबरो
१६ मे २०२३

बर्टी,

कागद आले. एकशे चौदा पानं. रोज दहा वाचायची असं ठरवलं होतं, पण पहिल्याच दिवशी सहाव्या पानाशी अडकले.

२४ जून २०१५. हॅस्केलचं अक्षर. जसंच्या तसं लिहिते:

‘रुग्णाच्या बहिणीशी फोनवर बोललो. बहीण त्या काळात रुग्णासोबत होती. वर्तुळ नव्हतं असं तिने निश्चित सांगितलं. रुग्णाला लहानपणापासून काम टाळण्यासाठी आजाराचं सोंग करायची सवय आहे, असंही सांगितलं.’

मी ते इतक्या वेळा वाचलं की मला आता पाठ झालंय.

पुढची पानं चाळली. पोर्टलंडचा डॉक्टर, ऑल्बनीचा डॉक्टर, ती मेंदूवाली बाई, सगळ्यांच्या कागदावर ते वाक्य उतरून घेतलेलं. कोणी ‘सोंग’ लिहिलंय, कोणी सभ्यपणे ‘कुटुंबीयांच्या मते अतिशयोक्ती’. मी दारातून आत जायच्या आधी तू आत जाऊन बसलेली असायचीस, बर्टी. आठ वर्षं मला वाटायचं, माझ्याच सांगण्यात काही चुकतंय. म्हणून मी आरशापुढे सराव करून जायची. आवाज फार रडका नको, फार कोरडाही नको. आणि घरी येऊन फोनवर कोणापुढे रडायची? तुझ्यापुढे. तू म्हणायचीस, डॉक्टर मेले दगड आहेत. तुला लाज कशी वाटली नाही?

हॅस्केलने तुला फोन का केला ठाऊक आहे? माझ्या अर्जात ‘सर्वांत जवळचे नातेवाईक’ असा रकाना होता. माझा घटस्फोट झाल्यापासून मी त्यात तुझं नाव लिहीत आले. अभिमानाने लिहायची.

भांडी घासायच्या पाळीला माझं पोट दुखायचं, हे खरं आहे. मी नऊ वर्षांची होते.

मला एकच सांग. मी तुझं काय वाकडं केलं होतं?

लेनोरा


वॉल्डोबरो
२२ मे २०२३

प्रिय लेनी,

अ. उ. आ. लिहायचा मला आता हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. सवयीने लिहिलं.

सांगते. तू काही वाकडं केलं नव्हतंस. त्या उन्हाळ्यात आईला तू व्हर्मॉंटला नेणार होतीस. मार्चपासून मी दिवस मोजत होते. आई शेगडी चालू ठेवून बाहेर जायची, भर बर्फात चपला घालून रस्त्यावर उभी राहायची, मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. मला नुसती झोप हवी होती, लेनी. दोन महिन्यांची झोप. आणि तू १९ तारखेला गाडीत बसलीस, म्हणालीस मला बरं नाही, या वर्षी आईला नेणं जमणार नाही. मला वाटलं, झालं हिचं पोटदुखीचं नाटक सुरू.

पाच दिवसांनी डॉक्टरचा फोन आला. मला वाटलं, त्याने तुला ठणठणीत ठरवलं की तू येशील आणि आईला नेशील. तेवढ्यासाठी बोलले. तू आजारी राहशील असं खरंच वाटलं नव्हतं. मग तू खरी आजारी पडलीस, आणि दर महिन्याला खरं सांगणं जास्तच अवघड होत गेलं. मी आईचं सगळं केलं, सहा वर्षं एकटीने, तेव्हा मनाला सांगायची की फिट्टंफाट झाली.

डबा फेकला, ते खरं. पण तुझं कार्ड नाही फेकलं. ते माझ्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली आहे. का ठेवलं ते विचारू नकोस, फेकवलं नाही. सोबत पाठवते. गोचीड अजून चिकटपट्टीखाली शाबूत आहे. बाकीचं तुला कार्ड बघून कळेल, ते माझ्याने लिहवत नाही.

ड्वाइटला काल सगळं सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि बोट रंगवत बसला. तो विनोद करत नाहीये, हे मला सहन होत नाही.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने म्हणू? तरी म्हणते.

बर्टी


ब्रॅटलबरो
२५ मे २०२३

बर्टी,

कार्ड मिळालं. खिडकीशी नेऊन पाहिलं.

वरची ओळ आईची. ‘लेनोरा, डावा गुडघा, मागे, ९ जून २०१५.’ अक्षर थरथरतंय, नऊ तर उलटा काढून मग सुधारलाय. खालची ओळ आईची नाही. ‘१७ जून. लाल वर्तुळ, मधे पांढरं, टेपने साडेचार इंच.’ ते सुबक, उभट अक्षर. सातच्या पोटात आडवी रेघ. गावातल्या प्रत्येक परवान्यावर असते तशी.

तू नुसतं पाहिलं नव्हतंस. मोजलं होतंस. लिहून ठेवलं होतंस. आणि सात दिवसांनी डॉक्टरला सांगितलंस की नव्हतंच. या ८ मेच्या पत्रात मला पुन्हा सांगितलंस की आठवत नाही, न पाहिलेल्या गोष्टीवर सही कशी करू. मटार काढताना दर वेळी ते कार्ड तुझ्या हाताला लागत होतं.

तू दमली होतीस, ते मला समजतं. मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी ताप घेऊनसुद्धा आईला नेलं असतं. ते तू मला कधी विचारलंच नाहीस.

लिंडक्विस्टबाई म्हणतात, खालची ओळ कोणी लिहिली ते त्या माणसाने सही करून सांगायला हवं. फॉर्म सोबत आहे. त्यात विचारलंय, आधी कुठल्या डॉक्टरला वेगळं सांगितलं होतं का. खरं लिही. ऑफिसच्या शिक्क्यानिशी सही कर आणि सरळ बॉस्टनला पाठव. ३१ तारीख चुकवू नकोस. मला चिठ्ठी नको.

लेनोरा


ब्रॅटलबरो
९ ऑक्टोबर २०२३

बर्टी,

तुझा फॉर्म ३० मेला पोचला होता. तू काही लपवलं नाहीस, असं बाई म्हणाल्या.

मला घेतलं. दर पंधरवड्याला बस पकडून जाते. रक्ताच्या नळ्या भरतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, गोळी देतात. खरी की नुसती, ते वर्ष संपेपर्यंत त्यांनाही कळणार नाही. गोचीड त्यांनी तपासायला ठेवून घेतली. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलंय की बरं करायचं वचन त्या देत नाहीत, आधी समजून घ्यायचंय. मला तेवढंही पुष्कळ आहे. पहिल्या दिवशी त्यांनी फायलीवर नवं पान लावलं आणि वर लिहिलं, ‘वर्तुळ होतं.’

मागच्या आठवड्यात किल्ली खुंटीवरून काढली. शेजारच्या मिसेस ओकीफच्या पियानोची एक तार लावली. मधला सा म्हण. मग आडवं व्हावं लागलं, सोडून दिलं. त्या एका सुरावर मिसेस ओकीफ दिवसभर बोट मारत होत्या.

तुझी जुलैतली दोन्ही पत्रं मिळाली. आईच्या स्मृतिदिनाला येणार नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, आत्ता सांगता येत नाही. ड्वाइटला म्हणावं, बोटीचा फोटो छान आलाय.

एक राहिलं. बॉस्टनच्या अर्जातही तो रकाना होता, ‘सर्वांत जवळचे नातेवाईक’. सवयीने हात तुझ्या नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत गेला. ते खोडलं, आणि पुढे मिसेस ओकीफचं नाव लिहिलं. नातं काय, असं पुढे विचारलं होतं. शेजारीण, असं लिहिलं.

लेनोरा