धरणाच्या भिंतीखालचं पाणी

नोव्हाय, मिशिगन
२४ मार्च १९९६

चि. अतुल यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

बाबा काल सुखरूप पोचले. सुखरूप म्हणजे अंगाने. मनाचं काय झालंय ते तूच सांग. मे अखेरपर्यंत तुझ्याकडे राहायचं म्हणून हौसेने गेलेला माणूस महिन्याभरात बॅग उचलून मिशिगनला येतो, आणि विमानतळावर घ्यायला आलेले तुझे चंद्रशेखर भाऊजी दिसल्यावर आधी परतीच्या तिकिटाची चौकशी करतो, हे मला साधं वाटत नाही. तुझ्या हातची खिचडी खाऊन कंटाळले असतील असं मी हसण्यावारी नेलं, तर माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत भूगोलाच्या तासाला बोलताना पकडल्यावर बघायचे.

तुझे दोन फोन आले. दोन्ही वेळा बाबा बाथरूममध्ये जाऊन बसले आणि मी रिसीव्हर ठेवल्यावरच बाहेर आले. अनीश मला विचारत होता की ग्रँडपा मामावर मॅड आहेत का. मुलाला कळतंय आणि मला नाही, अशी गत आहे. वीस मार्चला नदीवर कुणीतरी अडवलं एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्या दिवशी ते कुठल्याही गावी असले तरी पाण्यावर जातात हे तुला माहीत नव्हतं का? महाडच्या तळ्याची आठवण म्हणून पवनीला आपण दर वर्षी वैनगंगेवर जायचो की. तुला एक दिवस सुट्टी काढता आली नाही?

फोनवर तुम्ही दोघं बोलणार नाही, तेव्हा सविस्तर लिही. वेळेवर जेवत जा.

तुझ्यावर चिडलेली, पण माया कमी न केलेली,
उपासनाताई


डॅरो, वॉशिंग्टन राज्य
३० मार्च १९९६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सगळे माझ्यावरच उखडलेत, तर माझंही ऐकून घे.

तू इथे आलेली नाहीस. टॅमरॅक नदी वरच्या बर्फातून निघते, तीन डोंगरांचं पाणी गोळा करते आणि डॅरोच्या वर एका अरुंद खिंडीत शिरते. तिथे कंपनीची भिंत आहे. भिंतीमागचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून खाली वीजघरात जातं, आणि वीजघराच्या पुढे परत नदीत पडतं. मधल्या नऊ मैलांत फक्त गोटे. बोगद्यात किती पाणी घ्यायचं याचं गणित करायला मला ठेवलंय. कंपनीचा पन्नास वर्षांचा परवाना आता संपतोय, नवा मिळायचाय. गावातले लोक आणि नदीकाठची मूळ अमेरिकन आदिवासींची टोळी म्हणतात, त्या नऊ मैलांत थोडं तरी पाणी सोडा. ऑफिसात सध्या सगळे दबकून वागतात.

अशा वेळी बाबांनी सकाळी विचारलं की नदी कुठे आहे. मी म्हटलं, गावातल्या तळ्यावर जा, छान बाकं आहेत. मला त्या दिवशी मीटिंग होती, कॅन्सल करता येत नव्हती. बाबा एकटेच चालत निघाले, कुंपणाला वळसा घालून कोरड्या पात्रातून थेट भिंतीच्या पायाशी! तिथे झिरपून एक डबकं साचतं. ते पाणी ओंजळीने पिताना गार्डने पकडलं आणि ऑफिसात आणून बसवलं. मीटिंगमधून मला बोलावून मॅनेजरने विचारलं की हा तुझा कोण. ताई, तू माझ्या जागी उभी राहून बघ. माझा व्हिसा यांच्या नावावर, ग्रीन कार्डचा अर्ज यांच्या सहीचा. पोलीस बोलावणार होते. मी बोलून प्रकरण मिटवलं आणि बाबांना घरी आणलं. गाडीत थोडा ओरडलो, कबूल. त्यासाठी एवढा रुसवा?

मी त्यांना सोडवलं, यार. ते तरी कुणी बोलत नाही.

तुझा,
अतुल


नोव्हाय
७ एप्रिल १९९६

चि. अतुल यास,
जयभीम.

तुझे पत्र उपासनाने मला वाचायला दिले. त्यात 'मी बोलून प्रकरण मिटवलं' असे एक वाक्य आहे. काय बोललास ते लिहायला तू विसरलास. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो, म्हणून मी लिहितो.

तू त्या मॅनेजरला इंग्रजीत सांगितलेस की, हा म्हातारा आहे, गोंधळलेला आहे, खेड्यातला आहे, याला वाचता येत नाही, त्यामुळे बोर्ड कळला नाही. आमच्या देशात लोक असेच कुठेही पाणी पितात, असेही म्हणालास. तो आणि गार्ड दोघे हसले. तूही हसलास.

मी तो बोर्ड दोनदा वाचला होता. खाजगी मालमत्ता, आत येण्यास मनाई. पवनीच्या हायस्कुलात मी जन्मभर भूगोल शिकवला. उगम, पाणलोट, संगम, त्रिभुज प्रदेश हे शब्द तू माझ्याकडून शिकलास आणि त्यावर पोट भरतोस. मी अक्षर ओळखावे म्हणून माझ्या बापाने गावकीची कामे सोडली आणि त्यापायी मार खाल्ला. आणि माझा मुलगा, परदेशात, माझ्यादेखत, मला अडाणी ठरवतो!

मी चुकून आत गेलो नाही. पाण्यावर कुणाची पाटी आहे हे पाहून, समजून, मुद्दाम गेलो. वीस मार्चला आणखी कशाला जातात? तुझ्या ऑफिसातल्या नकाशावर त्या नऊ मैलांची निळी रेघ आहे. मी तिच्यातून चालत गेलो तेव्हा माझे बूटसुद्धा ओले झाले नाहीत. शेवटी जे सापडले ते भिंतीची गळती होती. त्या गार्डला वाटले मी तहानलेलो आहे, त्याने मला प्लास्टिकची बाटली देऊ केली. तो बिचारा तुझ्यापेक्षा बरा, त्याने निदान दिले तरी. मी नको म्हटले.

प्रकृतीस जप. इतके लिहून थांबतो.

दादाराव गजभिये

ता. क. अतुल, मी उपासना. बाबांच्या परवानगीने हे वाचलं. आता मलाही फोन करू नकोस.


डॅरो
२१ एप्रिल १९९६

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र ज्या दिवशी आलं त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्यावरच संतापलो. मला इंजिनिअर कुणी केलं? नागपूरला हॉस्टेलवर सोडताना, मागे बघू नकोस, पुढे जा, असं कोण म्हणालं होतं? मी पुढे आलो. पुढे आल्यावर असंच वागावं लागतं, हे इथे येऊन चार आठवड्यांत कुणाला कळत नाही. दिवसभर तोंडावर हसू ठेवून काम करतो मी.

हे सगळं मनात म्हणून झाल्यावर मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. सांगितलं की मी खोटं बोललो होतो. माझे वडील शिक्षक आहेत, त्यांना बोर्ड कळला होता, ते ठरवून आत गेले होते.  तो म्हणाला, रिलॅक्स, ती गोष्ट आम्ही विसरलोही आहोत, परवान्याच्या नऊ मेच्या सुनावणीची तयारी कर.

तुमचा मान मी परत घेतला आहे. आता तरी फोनवर या.

आपला आज्ञाधारक,
अतुल


नोव्हाय
२८ एप्रिल १९९६

चि. अतुल यास,
जयभीम व आशीर्वाद.

खरे सांगितलेस, बरे केलेस. राग मात्र गेला नाही, आणि का गेला नाही ते ऐक.

माझा मान त्या केबिनमध्ये कधीच नव्हता, तो परत कसला आणतोस? मला वाचता येते हे त्या माणसाला कळून नदीला काय मिळाले? बंद दाराआड सांगितलेस, तो विसरलो म्हणाला, आणि तू त्याच्याच बाजूने सुनावणीची तयारी करायला बसलास. तुझ्या पत्रात माझ्याविषयी पुष्कळ आहे. पाण्याविषयी एक अक्षर नाही.

तूच लिहिलेस की ते गणित तुझे आहे. म्हणजे त्या पात्रात किती पाणी सोडता येईल आणि सोडूनही वीजघर चालेल की नाही, हे तुला ठाऊक असणार. मला ठाऊक नाही, मी भूगोलाचा मास्तर. ठाऊक असून गप्प बसलास, तर न वाचता येणारा कोण, याचा विचार तू कर.

नोकरी जाऊ शकते हे मला समजते. मी सोड असे सांगत नाही. बाप म्हणून मला भीतीच वाटते. तरी लिहिल्याशिवाय राहवले नाही.

तुझे बाबा


डॅरो
१२ मे १९९६

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सुनावणी शाळेच्या जिममध्ये झाली. आमच्या वकिलाने सांगितलं की हा पट्टा मुळातच उथळ, उन्हाळ्यात आपोआप आटतो, आणि पाणी सोडलं तर वीजघर तोट्यात जाईल. टोळीच्या एक आजी बोलल्या, त्या लहानपणी तिथे पोहायच्या. वकील म्हणाला की आठवणी हा पुरावा नव्हे.  मी बसलो होतो कंपनीच्या रांगेत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मग माझ्या कानशिलात काहीतरी तापलं, बाबा, आणि मी उठून माइकपाशी गेलो.

मी सांगितलं की नदी आटत नाही, आम्ही आटवतो. येणाऱ्या पाण्याचा दहावा हिस्सा सोडला तरी पात्र बारमाही वाहील आणि वीजघर बंद पडणार नाही. हे मी दोन वर्षांपूर्वी मोजून दाखवलं होतं, मला ते बाजूला ठेव म्हणाले आणि मी ठेवलं. आवाज चढला होता. अध्यक्षांनी शांतपणे बोला म्हणून सांगितलं, मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं करायला लावलं. ग्रीन कार्डचा अर्ज त्यांनी मागे घेतला, त्यामुळे मला भारतात परतावं लागेल. आधी नोव्हायला येतो, मग तुमच्याबरोबरच निघू. ताईला सांगा, आरडाओरडा आल्यावर कर.

निकाल लागायला दोनतीन वर्षं जातील म्हणतात. काल सकाळी भिंतीपर्यंत चालत जाऊन आलो, पाण्याचा थेंब सोडलेला नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. राग आला तो आलाच, झोपेतून उठलो तरी तिथेच आहे. तुम्ही एवढी वर्षं तो बरोबर घेऊन शाळेत गेलात, आम्हाला जेवू घातलंत, हसलातसुद्धा. ते कसं करायचं, तेवढं मला शिकवा.

लोभ होताच, आता रागातही सोबत घ्या.

तुमचा,
अतुल